रेडिओ काय बघत न्हाय

आक्का,

तुमच्याबद्दल लिहायचा अधिकार माझा नाही. हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. तुम्हाला सून म्हणून आल्यापासून ओळखणारी माणसं शिवाजी पेठेत आहेत. तुमच्या हाताखाली नाचलेल्या पोरी आता आया झाल्या आहेत. माझी ओळख जेमतेम एका वर्षाची, तीही रेडिओवरच्या रविवारच्या एका तासाच्या कार्यक्रमापुरती आणि त्याआधीच्या भांडणांपुरती. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. गेलेल्या माणसावर कसं लिहितात, हे विचारायला घरी कुणी नाही. कॉलेजच्या रेडिओ केंद्राच्या मॅडमनी भित्तिपत्रकासाठी दोन शब्द मागितले, तेव्हा मी 'काळाने घाला घातला' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असता, "कुठला काळे?"

म्हणून सरळ तुमच्याशीच बोलतो.

आज शनिवार आहे. मी केंद्राच्या खोलीत बसलोय. उद्या सकाळी दहाला आपल्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग आहे. तो पूर्ण तयार आहे, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचा आवाज आहे, आणि तो लागणार की नाही हे मला अजून माहीत नाही. तुमच्या घरून होकार आला तरच लावायचा, असं मॅडमनी सांगितलंय. सोमवारपासून परीक्षेसाठी केंद्र बंद होतंय आणि सुट्टीनंतर ही वेळ दुसऱ्या विभागाकडे जाणार आहे. म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही.

तुम्ही मुळात इथं आलात ते चुकून. मॅडमनी इंग्रजीत सांगितलं होतं की डान्स रेकॉर्ड्सवर मालिका करू, सत्तरच्या दशकापासून आजपर्यंत. जुन्या रेकॉर्डी आणि जुन्या आठवणी असणारी माणसं शोधायची होती. मी मराठीत पाटी लिहिली : 'रेकॉर्ड डान्स. इच्छुकांनी रेडिओ केंद्रात भेटावे.' माझ्या गावच्या जत्रेत दर वर्षी रेकॉर्ड डान्सची, म्हणजे रेकॉर्ड लावून तिच्यावर नाचायची, स्पर्धा असते, लहानपणी मी पुढच्या रांगेत बसून बघितली आहे, तरी काय लिहितोय ते माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात. बरोबर शिवलेल्या नऊवारीतल्या, गालांना लाली लावलेल्या दोन पोरी. तुमच्या हातात चाळांची पिशवी, आणि ब्लाउजला टाचण्यांची माळच.

"पावणं, स्टेज कुठं हाय?"

"आक्का, इथं स्टेज नाही. हा रेडिओ आहे."

"रेडिओवर स्पर्धा?"

"स्पर्धा नाही. गाणी लावायचीत."

"आणि पोरी नाचलेल्या दिसणार कशा?"

"दिसणार नाहीत."

तुम्ही पोरींकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आरं मग सकाळधरनं ह्यांची तोंडं कशाला रंगवायला लावलीस? कुठल्या गावचा तू?"

"मलकापूरकडचा."

"तरीच," तुम्ही म्हणालात. मलकापूरचा त्यात काय दोष होता ते मला आजही कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारली नाही. मी मलकापूर झालो. "ए मलकापूर, चा सांग." "मलकापूर, तुझा रेडिओ खरखरतोय."

त्या दिवशी त्या पोरी काचेपलीकडच्या खोलीत नाचल्याच. एवढं नटून कशा परत जाणार होत्या! मी एक रेकॉर्ड लावली आणि तुम्ही माईक चालू आहे हे न बघता त्यांना ओरडून सांगत होता, "डावा पाय... थांब... घाई नको... आता घे गिरकी!" ते सगळं रेकॉर्ड झालं. मॅडमनी ऐकलं आणि म्हणाल्या, "या बाईंनाच बसव." आपला कार्यक्रम असा सुरू झाला. मी त्याचं नाव 'नृत्यगीतांचा दशकांचा प्रवास' ठेवलं होतं. "प्रवास? रेल्वे हाय का ती?" असं म्हणून तुम्ही ते नाव पहिल्याच दिवशी संपवलंत.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. ते मिटलेलं नाही, म्हणून इथं मांडतो. माझं म्हणणं होतं, गाणं सुरू झालं की आपण गप्प बसायचं. आधी गीतकार, संगीतकार, साल सांगायचं, मग रेकॉर्ड स्वच्छ ऐकवायची. तुम्ही म्हणायचा, "सालानं पाय हलतोय व्हय?" मी म्हणायचो, लोक गाणं ऐकायला रेडिओ लावतात. तुम्ही म्हणायचा, "गाणं तर त्यांच्या मोबाईलात हाय की. मग आपण हितं कशाला बसलोय?"

शेवटी असं ठरलं की कडव्यांच्या मधल्या संगीतात तुम्ही बोलायचं, गाणारी गायला लागली की थांबायचं. तुम्ही थांबायचा नाहीतच. गाणारीला बिचारीला तुमच्यातून वाट काढत गावं लागायचं.

तुमची दशकंही कॅलेंडरला धरून नव्हती. लग्नाआधीचं एक, सासू होती तेव्हाचं एक, पोरींच्या गॅदरिंगचं एक, आणि 'हे आत्ताचं'. बँडच्या चालीवरची ती एक रेकॉर्ड तुमच्या लग्नाच्या वरातीत वाजली होती, असं तुम्ही छातीठोकपणे माईकवर सांगितलंत. मी कव्हरवरचं साल दाखवलं. रेकॉर्ड तुमच्या लग्नानंतर निघालेली होती. तुम्ही चष्मा लावून ते साल नीट वाचलंत आणि म्हणालात, "मग माझं लगीन मागनं झालं असंल." पुढच्या गाण्याला लागलात.

तबकडी असो, कॅसेट असो, सीडी असो, तुमच्यासाठी सगळ्या रेकॉर्डीच. "ती बारकी रेकॉर्ड आणलीस का?" म्हणजे पेन ड्राइव्ह. कोळी ढंगाच्या गाण्याला तुम्ही 'खांद्याची रेकॉर्ड' म्हणायचा, डिस्कोच्या काळातल्या एका गाण्याला 'बोटाची', कारण सगळी पोरं तेव्हा एक बोट वर करून नाचायची. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांबद्दल तुम्ही जे बोललात ते मी वहीत उतरवून घेतलं नाही, तरी तसंच आठवतंय : "ते छातीत नाचतंय. पायात उतरत न्हाय."

आणि ते 'नाचलोय'. दुसऱ्याच भागात तुम्ही म्हणालात, "मी लग्नात लई नाचलोय." कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, मी रोज ऐकतो. पण मी नुकताच कॉलेजात शुद्ध बोलायला शिकत होतो आणि मला वाटलं, रेडिओवर हे शोभणार नाही. मी म्हणालो, आक्का, 'नाचलेय' म्हणा, परत घेऊ. तुम्ही म्हणून बघितलंत. तोंड वाकडं केलंत. "नाचलेय म्हणलं की एकदाच नाचल्यासारखं वाटतंय रं. मी लई नाचलोय." ते तसंच ठेवलं. त्यानंतर मीही माईकवर जीभ सांभाळत बसायचं सोडून दिलं. उत्साहात 'न्हाय' येतं, तर येऊ दे. वर्गात उत्तर द्यायला हात वर करण्याआधी अजून मी वाक्य मनात दोनदा घोळवतो, पण केंद्रातल्या त्या खुर्चीवर घोळवत नाही. एवढं तुम्ही दिलंत.

तुमच्या बोलण्यावर माणसं जीव टाकायची. एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी एका बाईंचा फोन आला होता : "आक्का, रविवारी तुमच्या गिरकीच्या नादात दुधाचं पातेलं कलंडलं. अख्खं दूध गेलं की!" तुम्ही विचारलंत, "गिरकी पुरी झाली का?" "झाली." "मग झालं तर!"

एकदा रेकॉर्डिंग संपल्यावर चहा आला होता आणि मी विचारलं, तुमच्या तरुणपणी रेडिओवर नाचाची गाणी कधी लागायची? तुम्ही बशीत चहा ओतलात.

"लागायची की. बाजारभाव व्हायचं, भजन व्हायचं, शेतीवाल्याचं भाषण व्हायचं. मग फर्माइशीत एखादी नाचाची रेकॉर्ड. ती लागली की सगळं घर अंग चोरून बसायचं. सासूबाई आवाज बारीक करायच्या. पण त्या देवळात गेल्या की रेडिओ माझा."

"मग?"

"भाकरी थापत असायचो. ठेका आला की परातीत हात आपोआप त्याच्यावर पडायचा. मग उठायचो. तव्यावर भाकरी आणि मी चुलीपुढं. करपली तर करपली."

"आबांनी कधी बघितलं नाही?" आबा म्हणजे तुमचे मालक. तेव्हा मी त्यांना भेटलोही नव्हतो.

"ह्यांनी? बगितलं असंल. बोलले न्हाईत कधी." आणि मग तुम्ही ते म्हणालात, जे मी या लेखाच्या डोक्यावर घातलंय. "रेडिओ काय बघत न्हाय, मलकापूर. म्हणून तर नाचता आलं. टीव्ही आला आणि सगळ्या पोरी टीव्हीतल्या बाईसारख्या नाचायला लागल्या. त्याच्या आधी ज्याची त्याची गिरकी येगळी हुती. कुणाची कशी, ते कुणालाच म्हाईत न्हवतं."

मी म्हणालो, पण तुम्ही तर पोरींना रेकॉर्ड डान्समध्ये एकसारखं नाचायला लावता. सगळ्यांचा हात एकाच वेळी वर गेला पाहिजे म्हणून ओरडता.

"ती स्पर्धा हाय. बक्षीस असतंय."

हे उत्तर मला पटलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही पटलं नव्हतं. आपण ते पुढं कधीतरी बोलणार होतो.

बुधवारी सकाळी मी पेठेत आलो. शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग तुम्हाला एकदा ऐकवायचं होतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाला फळा आहे, त्यावर खडूनं लिहिलेलं मी वाचलं. कुणा हौसाबाईंचं मंगळवारी निधन, रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी. मी वाचलं आणि पुढं चालू लागलो. मनात आलं, आज आक्कांना चहा मागायला नको, गल्लीत दुखवटा आहे. तुमच्या दारापुढं चपलांचा ढीग दिसला तेव्हा कळलं. वर्षभर शेजारी बसलो, पण आक्का सोडून तुमचं दुसरं नाव मला माहीत नव्हतं. माईकवर नाव सांगू नको म्हणून तुम्हीच बजावलं होतं. इतकं हौसेचं नाव तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवलंत, यावर भांडायचं होतं. तेही राहिलं.

शुक्रवारी रक्षाविसर्जन झाल्यावर मी दुपारी घरी गेलो. पुरुषमंडळी सतरंजीवर बसली होती. आबा भिंतीला टेकून, खांद्यावर टॉवेल, नजर उंबऱ्याकडं. मी पाया पडलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, तिथं त्यातला एक शब्द आठवला नाही. मग जसं येईल तसं सांगितलं. रविवारी आक्कांचा शेवटचा भाग आहे, तयार आहे, लावू का?

आबांना दादा म्हणणारे त्यांचे धाकटे भाऊ तात्या माझ्याकडं वळले. "काय हाय त्या भागात?"

"नाचाची गाणी."

"आणि?"

"आणि आक्का बोलतायत. कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते सांगतायत."

"म्हंजे दहावा व्हायच्या आत, वहिनीच्या आवाजात, नाचा म्हणून सांगणार तुम्ही गावाला?" तात्या ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आमच्यात तेरा दिवस घरात टीव्ही लावत न्हाईत, पोरा. गल्लीनं आपणहून स्पीकर बंद ठेवलाय. आम्ही पेठेत तोंड कसं दाखवायचं?"

मी आबांकडं बघितलं. त्यांची नजर उंबऱ्यावरच होती. आतल्या खोलीतून एका बाईचा हुंदका आला आणि मी उठलो.

तात्या चुकीचं बोलले असं मी म्हणू शकत नाही. आमच्या गावातही माणूस गेलं की गोठ्यातला रेडिओ बंद होतो. वडील धार काढताना नुसता बादलीतल्या धारेचा आवाज ऐकत बसतात. ती शांतता मला कळते. ती माणसाला मान देण्याची पद्धत आहे. पण तुम्हाला मान देण्याची दुसरी पद्धत मला ठाऊक आहे आणि ती त्या भागात आहे. या दोन्हींतली एक निवडा, असं तुमच्या घराला सांगणारा मी कोण?

मॅडमनी काल संध्याकाळी मधला मार्ग सुचवला. तुमचा आवाज काढून टाकायचा, गाण्यांऐवजी बासरी लावायची, सुरुवातीला मी श्रद्धांजली वाचायची. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मी त्यांना आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. आमच्याकडं शिकवणाऱ्या माणसाला नाही म्हणायची रीत नाही. पण काल म्हणालो, "मॅडम, बासरी लावणार नाही. लागला तर भाग आहे तसा लागेल. नाहीतर दहाला मी स्वतः बोलेन. आक्का गेल्या, घरात दुखवटा आहे, म्हणून आज कार्यक्रम नाही, एवढं सांगेन आणि माईक बंद करेन." मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे." पाठ न करता शब्द सरळ आले.

एक मित्र म्हणाला, एवढं काय, दहाव्यानंतर चौकात स्पीकर लावून ऐकव सगळ्यांना. ते मला नकोय. चौकात सगळे एकमेकांना बघतील. तुम्ही ज्या बायकांशी बोलत होता त्या चौकात हात बांधून उभ्या राहतील. हा भाग ज्याच्या त्याच्या ओट्यापाशी, ज्याच्या त्याच्या खोलीत ऐकायचा आहे. तो रेडिओवरच लागला पाहिजे.

कारण आज सकाळी मी तो परत ऐकला. सगळ्यात अलीकडच्या दशकावर बोलायचं नाही असं आधी तुम्ही म्हणाला होता. "हे आत्ताचं गाणं चा ओतायच्या आत संपतंय. बोलू कधी?" मग तुम्ही बोललात, आणि गाणं संपलं तरी बोलत राहिलात. त्यात तुम्ही म्हणता, "ज्यांचा गुडगा दुखतोय त्यांनी बसून करा. खांदं तर हायत की." आणि शेवटी, "दार लावलंय न्हवं? मग घ्या गिरकी. कोण बघत न्हाय." त्यानंतर तुम्ही हसता. त्या हसण्यात खोकला आहे. तो मी साफ करणार होतो. आता करणार नाही.

मी बोलणं कापा म्हणत होतो आणि तुम्ही बोलत होता. आज ऐकताना कळलं की वर्षभर तुम्ही गाण्याबद्दल बोलतच नव्हता. पलीकडं एकटं कुणी आहे, असं धरून त्याला सोबत करत होता. हे मी आधी कबूल केलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "आता कळलं व्हय मलकापूरला!" आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला असता.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. शाळेत लेझीमच्या वेळी मी कायम पाय दुखतो म्हणून बाजूला बसायचो. नाचता येत नाही, आणि बघणारे हसतात. तुम्ही मला कितीदा उठवायला बघितलंत, "ऊठ की रं, दार बंद हाय, कोण बघतंय?" मी उठलो नाही. पण रविवारी आपला कार्यक्रम लागायचा तेव्हा मी इथं नसायचोच. रेकॉर्डिंग आधीच केलेलं असायचं. मी हॉस्टेलच्या खोलीत असायचो. जोडीदार गावी गेलेला असायचा. मी कडी लावायचो. तुम्ही सांगायचा तसं डावीकडं वळायचो, थांब म्हणालात की थांबायचो. गिरकीत एकदा पलंगाचा खूर लागून अंगठा सुजला. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हणालो, ठेच लागली. पहिल्या भागापासून मी नाचलोय, आक्का. लई नाचलोय.

इथवर लिहून मी हे मॅडमकडं देणार होतो. उजेड कमी व्हायला लागला होता, होकार आला नव्हता, आणि उद्या दहाला माईकवर काय बोलायचं याची चार वाक्यं मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवली होती. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"रेडिओवालं पोरगं का?"

तात्या. मी उभा राहिलो. मागं रस्त्याचा गलका होता.

"मी दुकानात हाय. दादानं सेल आणायला धाडलंय. घरातल्या जुन्या रेडिओला मोठं सेल लागत्यात का बारकं?"

"मी तो रेडिओ बघितला नाही, तात्या."

"मग कशाचं रेडिओवालं तुम्ही," तात्या म्हणाले. दुकानदाराला म्हणाले, दोन्ही दे. मग परत फोनकडं वळले.

"उद्या दहालाच न्हवं?"

"होय."

"लावा मग. पेठेचं काय ते मी बगतो." तात्या फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आणि दादा म्हणतोय, तिचं बोलणं कापू नका. गाणं कापलं तरी चालंल."